ग्रंथालय मॉडर्न करायचं म्हणजे आधी काय काढून टाकायचं

प्रश्न असा आहे की सगळं मोबाइलवर मिळत असताना सार्वजनिक ग्रंथालयं आता नेमकं काय बदलतायत, आणि बेताचा पैसा असलेल्या साध्या ग्रंथालयाने सुरुवात कुठून करावी. पहिल्या भागाचं उत्तर लांबलचक आहे, दुसऱ्याचं छोटं. नवीन काही विकत घ्यायच्या आधी लोक दारातून परत का जातात ते शोधा आणि ते कारण काढून टाका. मी देवघेवीच्या काउंटरवर बसलेय, खरेदीच्या याद्या केल्यात, सॉफ्टवेअर बदलताना दाखलनोंदी तपासत बसलेय, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलीये की उद्घाटनाच्या फोटोत जे येतं, म्हणजे थ्रीडी प्रिंटर, मोठी टचस्क्रीन, व्हीआरचे चष्मे, आणि ज्याने वाचक खरंच वाढतात, ह्या दोन याद्या फारशा जुळत नाहीत.

दंडापासून सुरू करते. उशिरा पुस्तक आणलं की पैसे, ही आपल्याला इतकी नैसर्गिक गोष्ट वाटते की त्यावर कोणी विचारच करत नाही. पण मागच्या काही वर्षांत जगभर सगळ्यात मोठा बदल कुठला झाला असेल तर तो हा, की ग्रंथालयांनी विलंब दंड बंद केले. आयर्लंडने 2019 मध्ये देशभर बंद केला, शिकागोने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्कच्या तिन्ही ग्रंथालय संस्थांनी ऑक्टोबर 2021 मध्ये. न्यूयॉर्कमध्ये तोपर्यंत नियम होता की थकबाकी 15 डॉलरवर गेली की कार्ड ब्लॉक, आणि अशी जवळपास 4 लाख कार्डं ब्लॉक पडलेली होती, त्यातली निम्म्याहून जास्त गरीब वस्त्यांमधली. म्हणजे ज्यांना विकत घेणं परवडत नाही म्हणून ग्रंथालय काढलं, नेमके तेच बाहेर, आणि ज्याला दंड भरणं परवडतं तो निवांत भरतो आणि पुस्तक अजून महिनाभर ठेवतो.

ह्यावर लगेच येणारी शंका मला पाठ आहे, मग पुस्तकं परत कोण आणणार? तर दंड बंद म्हणजे पुस्तक फुकट असं नाहीये. ठरावीक दिवसांनंतर पुस्तक हरवलं असं धरायचं, त्याची किंमत खात्यावर लावायची आणि पुढची देवघेव थांबवायची, पुस्तक आणून दिलं की सगळं माफ. शिकागोत दंड बंद झाल्यावर पुस्तकं परत येण्याचं प्रमाण उलट वाढलं, कारण वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवलेली पुस्तकं लोक घेऊन आले, आणि पुस्तकाबरोबर तो माणूसही परत येतो हे जास्त महत्त्वाचं. शिवाय दंड गोळा करायला लागणारा वेळ कोणी मोजत नाही, पावती फाडा, सुट्टे द्या, हिशेब जुळवा, आणि "मी तर वेळेत दिलं होतं" ह्यावर दहा मिनिटं वाद घाला. त्याच्या जोडीला दोन गोष्टी करायच्या, मुदत संपायच्या आधी मेसेज जाईल असं बघायचं आणि दुसऱ्या कोणी मागणी नोंदवली नसेल तर पुस्तक आपोआप रिन्यू होऊ द्यायचं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असतेच, फक्त कोणी चालू केलेली नसते.

सभासद फॉर्मचंही तेच. पत्त्याचा पुरावा, ओळख देणारा जुना सभासद, दोन फोटो, अनामत, आणि हे सगळं घेऊन यायचं ते फक्त ऑफिसच्या वेळेत, म्हणजे नोकरी करणारा माणूस आलाच नाही पाहिजे अशीच ही रचना. बऱ्याच ग्रंथालयांनी आता ऑनलाइन नोंदणी ठेवलीये, लगेच तात्पुरतं कार्ड मिळतं, त्यावर ई-पुस्तकं सुरू होतात आणि एक-दोन छापील पुस्तकं नेता येतात, कागदपत्रं नंतर. कायमचा पत्ता नसलेल्यांसाठी, भाड्याने राहणाऱ्यांसाठी वेगळा मार्ग ठेवायचा. पुस्तकं जातील ही भीती मी समजू शकते पण दोन पुस्तकांची जोखीम आणि एक वाचक, हा हिशेब तुम्हीच करा.

ग्रंथालय उघडं राहायच्या वेळेचा प्रश्न ह्याहून अवघड, कारण वेळ वाढवायचा म्हणजे माणसं लागतात. डेन्मार्कने 2004 पासून एक वेगळी पद्धत सुरू केली, सकाळी लवकर आणि रात्री कर्मचारी नसतानाही ग्रंथालय उघडं, सभासदाने कार्ड दाखवून पिन टाकायचा, दार उघडतं, पुस्तक स्वतः नोंदवायचं, कॅमेरे चालू असतात. आता अशी शेकडो ग्रंथालयं आहेत. चोऱ्या होतील, तोडफोड होईल असं सगळ्यांना वाटलं होतं, तेवढं काही झालं नाही. पण माझं ह्यावर एक स्पष्ट मत आहे, ही पद्धत जास्तीचे तास मिळवायला वापरा, माणसं कमी करायला नको, आणि काही ठिकाणी नेमकं तेच झालंय, आधी रात्रीचे तास बिनमाणसांचे, मग दुपारचे, मग आठवड्यातून एकदाच कोणीतरी येतं. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, पहिल्यांदा आलेल्याला रिकाम्या इमारतीत कार्ड आणि पिन टाकून शिरायचं धाडस होत नाही, आणि ज्याला सवय आहे त्याच्यासाठीच ग्रंथालय उरतं.

सेल्फ चेकआउट मशिन आणि आरएफआयडी (पुस्तकात चिकटवलेली चिप, जी मशिन दुरूनच वाचतं) ह्यावर फार लिहीत नाही. सिंगापूरच्या ग्रंथालयांनी 1998 च्या सुमाराला पहिल्यांदा आरएफआयडी वापरलं, तंत्रज्ञान आता जुनं आणि भरवशाचं आहे. पुस्तकं भरपूर फिरत असतील तर नक्की घ्या, दिवसाला मोजकीच फिरत असतील तर बारकोड पुरतो. खरा मुद्दा मशिनने वाचवलेला वेळ कुठे गेला हा आहे. तो वाचकांशी बोलण्यात गेला तर पैसे वसूल.

कॅटलॉगबद्दल मात्र बोलायलाच हवं कारण तिथे वाचक आवाज न करता हरवतो. काउंटरवर आलेला माणूस निदान विचारतो तरी, ऑनलाइन शोधणारा "निकाल नाही" बघून निघून जातो आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. रोमन लिपी नसलेल्या सगळ्याच भाषांमध्ये हा घोळ आहे, जुन्या नोंदी रोमनमध्ये, नव्या आपल्या लिपीत, मधल्या काळातल्या कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये ज्यांचा आता कचरा दिसतो, त्यात ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, लेखकाचं आडनाव आधी की नाव आधी. पुस्तक कपाटात आहे, वाचक समोर आहे, पण भेट नाही. माझा आवडता उपाय फुकटातला आहे. शोध घेऊन शून्य निकाल आलेले शब्द सॉफ्टवेअरमधून दर महिन्याला काढायचे आणि यादी घेऊन बसायचं. त्यात तीन ढीग पडतात, पुस्तक आहे पण नोंद चुकीची, पुस्तक नाही पण मागणी आहे, आणि वाचकाने वेगळ्याच शब्दात विचारलंय. पहिला ढीग दुरुस्तीचा, दुसरा खरेदीचा, तिसऱ्यासाठी पर्यायी विषयशब्द जोडायचे. खरेदी समितीच्या बैठकीत दोन तास चर्चा करून जे कळत नाही ते ह्या यादीत दिसतं.

मांडणीचंही थोडंसं असंच आहे. विषयाला क्रमांक देणारं दशांश वर्गीकरण ग्रंथपालाला घर वाटतं, पण नवीन वाचकाला 641 म्हणजे स्वयंपाक हे का माहीत असावं. 2007 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावातल्या एका शाखेने ड्यूई, म्हणजे हेच दशांश वर्गीकरण, पूर्ण काढून पुस्तकाच्या दुकानासारखी विषयवार मांडणी केली तेव्हा ह्या क्षेत्रात बराच गोंधळ झाला होता. मी स्वतः पूर्ण काढायच्या बाजूची नाही, संग्रह मोठा झाला की विषयवार मांडणीत एखादं नेमकं पुस्तक शोधणं जिवावर येतं. पण मधला रस्ता छान चालतो, क्रमांक तसेच ठेवायचे, वर मोठ्या अक्षरात साध्या भाषेत पाट्या, दारापाशी मुखपृष्ठ दिसेल अशी पन्नासेक पुस्तकं, आणि जीर्ण झालेली, कालबाह्य पुस्तकं बाद करायची. हे शेवटचं कोणालाच नको असतं. पण वीस वर्षांपूर्वीचं कॉम्प्युटरचं गाईड किंवा चुकीचा आरोग्य सल्ला देणारं जुनं पुस्तक शेल्फवर असणं हा संग्रह नव्हे, ती अडगळ आहे, आणि गच्च भरलेल्या कपाटातून लोक कमी पुस्तकं नेतात हे कुठल्याही देवघेव विभागातल्या माणसाला विचारा. फक्त बाद करायचे नियम लेखी ठेवा, आणि स्थानिक इतिहासाची, दुर्मीळ, दुसरीकडे कुठेच नसलेली पुस्तकं त्यातून वगळा.

आता ई-पुस्तकं, आणि इथे जरा जास्त वेळ थांबते कारण वाचकांचा सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. "डिजिटल आहे ना, मग मला वेटिंग का?" हा प्रश्न रोज येतो. कारण असं की छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेतं, ते त्याचं होतं, फाटेपर्यंत द्या, नंतर विका, दान करा. ई-पुस्तक ग्रंथालय विकत घेतच नाही, परवाना घेतं, भाड्याच्या घरासारखं, आणि घरमालकाच्या अटी बदलत राहतात. सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे एक प्रत, एका वेळी एक वाचक, म्हणून वेटिंग. त्यावर मुदत, मोठ्या प्रकाशकांकडे बऱ्याचदा दोन वर्षं, मग तो परवाना संपतो आणि पुन्हा पैसे भरायचे. किंवा वाचनांची मर्यादा, हार्परकॉलिन्स ह्या प्रकाशकाने 2011 मध्ये 26 वेळा दिलं की परवाना संपला असं ठरवलं तेव्हा ग्रंथपाल मंडळी भयंकर चिडली होती. गंमत म्हणजे आज बरेचजण म्हणतात की दोन वर्षांच्या मुदतीपेक्षा ते 26 वेळाच बरे, कारण निदान वापराप्रमाणे पैसे जातात, कोणी न वाचलेलं पुस्तक आपोआप मरत नाही. आणि किंमत, ग्रंथालयाला लावलेली ई-पुस्तकाची किंमत साध्या ग्राहकाच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

मॅकमिलन ह्या प्रकाशकाने तर नोव्हेंबर 2019 पासून अट घातली की नवीन पुस्तक आल्यावर पहिले 8 आठवडे एका ग्रंथालय संस्थेला एकच ई-प्रत मिळणार, संस्था कितीही मोठी असो. बऱ्याच ग्रंथालयांनी त्यांची खरेदी थांबवली, सह्या गोळा झाल्या, आणि मार्च 2020 मध्ये मॅकमिलनने ती अट मागे घेतली. ग्रंथालयांनी एकत्र येऊन दबाव आणल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

दुसरा प्रकार म्हणजे दर वाचनामागे पैसे. वाचकाला मस्त, वेटिंग नाही, लगेच मिळतं. पण ग्रंथालयाचं बिल लोकप्रियतेबरोबर वाढत जातं आणि त्याला वरची मर्यादा नसते. न्यूयॉर्कच्या तिन्ही संस्थांनी 2019 मध्ये कॅनोपी ही चित्रपटांची सेवा ह्याच कारणाने बंद केली, लोक वापरत होते म्हणूनच ती परवडेना. उलटं वाटतं ना ऐकायला? छापील पुस्तक जितकं जास्त फिरेल तितकं ते स्वस्त पडतं, इथे जितकं जास्त फिरेल तितकं महाग. म्हणून अशी सेवा घेताना महिन्याची मर्यादा पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर कमी केली की लोक नाराज होतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

मग करायचं काय? मी तीन गोष्टी सांगते. एक, एकट्याने घेऊ नका, शेजारच्या ग्रंथालयांबरोबर मिळून घ्या, म्हणजे संग्रह मोठा दिसतो आणि परवाने रिकामे पडून राहत नाहीत. दोन, कॉपीराइट संपलेली आणि मुक्त परवान्यातली पुस्तकं आपल्या कॅटलॉगमध्ये नोंदवा, ती जगाला फुकट उपलब्ध आहेत पण तुमच्या वाचकाला माहीत नाहीत आणि ते काम कोणीतरी करायचं असतं. तीन, वाचकाला खरं सांगा. वेटिंगच्या पानावर दोन ओळी लिहा की हे का होतं. चिडणारा वाचक अर्धा तिथेच शांत होतो, उरलेला प्रकाशकाला पत्र लिहितो.

ऑडिओबुक्स हा ह्याच विभागातला सगळ्यात आनंदाचा भाग. प्रवासात, कामं करताना ऐकणारे, अक्षर दिसत नाही असे, वाचायचा कंटाळा असलेले, हे सगळे नवे वाचक आहेत आणि ऐकणं म्हणजे वाचन नाही असल्या वादात ग्रंथालयाने पडू नये. दृष्टिहीनांसाठी तर 2013 च्या माराकेश कराराने, जो 30 सप्टेंबर 2016 पासून लागू झाला, मान्यता दिलेल्या देशांत प्रकाशकाची वेगळी परवानगी न घेता ब्रेल, डेझी ऑडिओ (दृष्टिहीनांसाठीचं बोलकं पुस्तक) वगैरे रूपात पुस्तक करायची आणि देशाबाहेर पाठवायची सोय झालीये. भारताने तर सगळ्यात आधी, 2014 मध्ये, मान्यता दिली होती. पण काउंटरवरच्या कितीजणांना हे माहीत असतं? वाचक विचारतो आणि त्याला "आमच्याकडे नाही" असं सांगून वाटेला लावलं जातं.

जागेबद्दल. हेलसिंकीचं ऊदी ग्रंथालय 5 डिसेंबर 2018 ला उघडलं, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत आणि सगळ्या समित्यांना तसंच हवं असतं. तिथे तीन मजले आहेत, खाली मोकळा हॉल, मधे शिलाई मशिन, थ्रीडी प्रिंटर, रेकॉर्डिंग स्टुडिओ, खोल्या, आणि सगळ्यात वर पुस्तकं, साधारण 1 लाख. एवढ्या मोठ्या इमारतीच्या मानाने हा आकडा कमी वाटतो, पण शहरातल्या बाकी शाखांमधली पुस्तकं मागवली की तिथे येतात, मागे पूर्ण जाळं आहे. हे जाळं फोटोत दिसत नाही. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी ऊदीची नक्कल म्हणून पुस्तकं कमी केली तर हातात फक्त रिकामा हॉल उरतो.

मेकरस्पेसचं, म्हणजे ग्रंथालयातल्या यंत्रं-अवजारं वापरून वस्तू बनवायच्या जागेचं, पण असंच. न्यूयॉर्क राज्यातल्या फेएटव्हिल ग्रंथालयाने 2011 मध्ये ती सुरू केली, अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयातली ती पहिली समजतात, मग सगळीकडे लाट आली. मी पाहिलेल्यांपैकी ज्या टिकल्या त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती, शिकवणारा माणूस ठरलेल्या वेळी हजर असायचा. जिथे फक्त यंत्र घेतलं तिथे धूळ, आणि सुटा भाग मिळत नाही म्हणून बंद असल्याची चिठ्ठी. शिलाई मशिन, ड्रिल, प्रोजेक्टर, कॅमेरा अशा वस्तू उसन्या देणं मात्र बहुतेक ठिकाणी चाललेलं दिसतं कारण त्याला समजावून सांगायला काही लागत नाही. ही कल्पनाही नवी नाहीये, कॅलिफोर्नियात बर्कलीच्या ग्रंथालयाचं हत्यारांचं वाचनालय 1979 पासून चालू आहे. इंटरनेटचं छोटं हॉटस्पॉट उपकरण घरी देणं हेही त्यातलंच, घरी नेट नसलेल्या विद्यार्थ्याला ते एखाद्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

जागेत तातडीने काय करता येतं? प्लग पॉइंट, चांगला उजेड, पाठीला त्रास न देणाऱ्या खुर्च्या, स्वच्छ संडास आणि पाणी. हसू नका, लोक ग्रंथालयात किती वेळ बसतात हे ह्यावर ठरतं. आणि आवाजाची विभागणी करा. पूर्ण इमारतीत "शांतता राखा" लावलं की लहान मुलं आणि त्यांच्या आया बाहेर, आणि कुठेच लावलं नाही की अभ्यास करणारे बाहेर. बालविभाग दाराजवळ, शांत खोली सगळ्यात आत, मधे कुजबुज चालेल असा भाग, एवढं केलं तरी भांडणं निम्मी होतात. डेन्मार्कमध्ये ऑर्हुस शहराच्या डॉक1 ग्रंथालयात तर एक मोठी घंटा टांगलीये, शहरातल्या हॉस्पिटलमध्ये बाळ जन्मलं की आईबाप तिथून बटण दाबतात आणि इकडे ग्रंथालयात घंटा वाजते. शांतता मोडणारा ह्याहून गोड आवाज मला तरी माहीत नाही.

पण सगळ्यात खोल बदल इमारतीत नाही, काउंटरवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत झालाय. पूर्वी संदर्भ विभागात लोक विचारायचे अमुक देशाची लोकसंख्या किती, तमुक कायद्याचं कलम कुठलं. ते प्रश्न गेले, फोनवर मिळतात. आता लोक विचारतात हा फॉर्म ऑनलाइन भरून द्याल का, ओटीपी येत नाहीये, बायोडेटा कसा करायचा, हा मेसेज खरा आहे की फसवणूक, स्कॅन करून पीडीएफ छोटी करून द्या. बऱ्याच ग्रंथपालांना हे आपलं काम वाटत नाही आणि त्यांची चिडचिड मला समजते, पदवी घेतली वर्गीकरणाची आणि दिवसभर प्रिंटरमधला अडकलेला कागद काढायचा. माझं मत वेगळं आहे. माहितीपर्यंत माणसाला पोहोचवणं हेच काम होतं, वाट बदलली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं, त्यात पुस्तक शोधण्याचाच वेळ असं कुठे लिहिलंय? फक्त दोन मर्यादा पाळा. पासवर्ड आणि बँकेची माहिती वाचकानेच टाइप करायची, आपण शेजारी उभं राहून सांगायचं, कितीही घाई असली तरी. आणि अशा मदतीला अपॉइंटमेंटची वेळ ठेवा, नाहीतर मागे रांग लागते आणि दोघांवरही अन्याय होतो.

काही प्रश्न तर ग्रंथपालाच्या आवाक्याबाहेरचे असतात, घर नाही, नोकरी गेली, घरात मारहाण. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयाने 2009 मध्ये पूर्ण वेळ सामाजिक कार्यकर्ती नेमली, नंतर अमेरिकेत अनेकांनी तसं केलं. सगळ्यांना ते परवडणार नाही, पण कुठल्या संस्थेकडे पाठवायचं त्याची अद्ययावत यादी काउंटरवर असणं आणि कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगाचं प्रशिक्षण असणं एवढं तरी हवंच. नाहीतर चांगली माणसं थकून सोडून जातात, आणि त्यांच्या जागी सहसा कोणी भरलं जात नाही.

एआयबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहिते. काउंटरवर आत्ता दिसणारा परिणाम असा की वाचक अस्तित्वातच नसलेली पुस्तकं मागायला येतात. चॅटबॉटने लेखक खरा सांगितलेला असतो, शीर्षक अगदी पटेल असं, आणि पुस्तक कधी लिहिलंच गेलेलं नसतं. मे 2025 मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत सुट्टीत वाचायच्या 15 पुस्तकांची यादी आली होती, त्यातली 10 अशीच, खऱ्या लेखकांच्या नावावर खोटी पुस्तकं. दुसरीकडे ई-पुस्तकांच्या संग्रहांत यंत्राने लिहिलेली फालतू पुस्तकं शिरतायत, विशेषतः आरोग्य आणि सेल्फ हेल्पमध्ये, त्यामुळे आयता संच घेतानाही आत काय आहे हे कोणीतरी बघायला हवं. मला विचाराल तर ह्याने ग्रंथपालाचं काम कमी होत नाहीये, "हे खरं आहे का ते तपासून द्या" ही मागणी वाढणार आहे. मागच्या बाजूला, म्हणजे विषयशब्द सुचवणं, जुन्या हाताने लिहिलेल्या नोंदी वाचणं, ह्यासाठी ही साधनं चांगली मदत करतात, माणूस तपासणार असेल तर.

गोपनीयता ही आधुनिक सेवांची अशी बाजू आहे जिच्याबद्दल विक्रेता कधीच स्वतःहून बोलत नाही. कोण काय वाचतं हे ग्रंथालयाने कोणाला सांगू नये हा ह्या व्यवसायाचा जुना नियम. 2005 मध्ये अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या चार ग्रंथपालांकडे तपास यंत्रणेने कॉम्प्युटर वापराची माहिती मागितली आणि वर ह्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही अशी सक्ती केली, ते कोर्टात गेले आणि शेवटी सरकारने माघार घेतली. आज मात्र तीच माहिती आपण स्वतः अ‍ॅपवाल्या कंपन्यांना देऊन मोकळे होतो. सोपा नियम, जी नोंद ठेवलीच नाही ती कोणी मागू शकत नाही आणि चोरूही शकत नाही. पुस्तक परत आलं की वाचकाचं आणि पुस्तकाचं नातं सिस्टीममधून पुसायचं, वाचकाला स्वतःचा इतिहास ठेवायचा असेल तर त्याने तसं निवडावं. चोरीची भीती काल्पनिक नाहीये, ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररी आणि टोरोंटोची सार्वजनिक ग्रंथालयं एकाच महिन्यात सायबर हल्ल्यात सापडली, मे 2024 मध्ये सिएटल. टोरोंटोत परत आलेली पुस्तकं नोंदवता येईनात म्हणून ट्रेलर भरभरून ठेवावी लागली, कित्येक महिने. म्हणून बॅकअप वेगळ्या जागी, नेटला न जोडलेला, आणि सिस्टीम बंद पडली तर कागदावर देवघेव कशी करायची ते एका पानावर लिहून काउंटरच्या ड्रॉवरमध्ये.

आता बेताचा पैसा असलेल्यांनी क्रम काय ठेवावा. पहिल्या वर्षी विकत फार काही घेऊ नका. दंड, फॉर्म, शून्य निकालांची यादी, बाद करायची पुस्तकं, पाट्या, खुर्च्या, ह्यात फार पैसा नाही, भांडणं मात्र आहेत, आणि ती समितीत करायची तयारी ठेवा. मोजायचं काय तर एकूण सभासद नको, तो आकडा नेहमीच फुगलेला असतो, वर्षात एकदा तरी काही वापरलेले सभासद मोजा, आणि नवीन सभासदांपैकी तीन महिन्यांत दुसऱ्यांदा किती आले ते बघा. हा दुसरा आकडा बहुतेक ठिकाणी धक्का देतो. न येणाऱ्यांनाही विचारा, ग्रंथालयातच ठेवलेल्या अभिप्राय वहीत फक्त येणाऱ्यांचंच मत असतं.

सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर आधी कोहा बघा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी ते बनवलं आणि 2000 च्या जानेवारीत वापरात आलं, तेव्हापासून मुक्त आहे, परवान्याचे पैसे नाहीत, जगभर हजारो ग्रंथालयं वापरतात. फुकट आहे म्हणजे खर्च नाही असं मात्र समजू नका, सर्व्हर, देखभाल, आणि जुना डेटा नीट करून टाकणारा जाणता माणूस ह्याचे पैसे लागतातच. आणि कोहा घ्या किंवा दुसरं काहीही, करारात एक ओळ नक्की घालून घ्या की सोडताना आमच्या सगळ्या ग्रंथनोंदी मार्क 21 (ग्रंथनोंदींची जगभर चालणारी ठरावीक रचना) फॉर्मॅटमध्ये आणि सभासदांची, देवघेवीची माहिती साध्या फाइलमध्ये, जादा पैसे न घेता, ठरलेल्या दिवसांत परत मिळेल. विक्रेता "ते तर आम्ही देतोच हो" म्हणेल. तरी लेखी घ्या, आणि सही करायच्या आधी शंभर नोंदींची नमुना फाइल मागवून ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा.